छतावर सोलर, तरी दुकानात अंधार? वायरिंग समजून घ्या

१२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकलही थांबल्या. अशा वेळी साधा ऑन-ग्रिड सोलर भर उन्हातही बंद पडतो. हा बिघाड नाही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून केलेली सोय आहे.

सोलर फिटिंगचा धंदा सुरू करताय? मग हे पक्कं करा. बहुतेक हायब्रिड इन्व्हर्टरला दोन जोडण्या असतात: ‘ग्रिड’ मीटरच्या बाजूला, ‘बॅकअप’ वेगळ्या डीबीला. बॅकअपचा फेज-न्यूट्रल मेन डीबीत परत जोडायचा नाही. अर्थिंग हवंच.

लालबागच्या मसाल्याच्या दुकानाचा हिशोब करू. दिवे, पंखा, वजनकाटा, बिलिंग मिळून ३०० वॅट. चार तासांचे १.२ युनिट. बॅटरी ८० टक्केच वापरायची, थोडी घटही धरायची, म्हणून दोन युनिटची घ्या. कांडप मशीन बॅकअपवर नको. सुरू होताना मोटर कित्येक पट करंट खेचते.

नेट मीटरसाठी बेस्टकडे अर्ज आधी, ग्रिडला जोडणी नंतर. तीही लायसन्सवाल्या काँट्रॅक्टरकडूनच.

शेवटचं बिल घेण्याआधी ग्राहकासमोर मेन स्विच पाडा. काय चालू राहतं, ते त्यालाच बघू द्या. पुढचं गिऱ्हाईक तोच आणून देईल!