स्मरणिकेच्या मागच्या पानांवरून

प्राथमिक, दुय्यम आणि तृतीयक साधनं म्हणजे काय, हे इथे पुन्हा सांगत बसत नाही. संशोधनपद्धतीच्या वर्गात तो त्रिकोण फळ्यावर निघतोच आणि परीक्षा झाली की पुसलाही जातो. माझं भांडण आहे ते कागद जन्मतःच प्राथमिक किंवा दुय्यम असतो असं मानणाऱ्यांशी. ही मंडळी परिसंवादात माझ्याच शेजारी बसतात, तेव्हा नावं नकोत.

महिकावतीची बखर घ्या. राजवाड्यांनी ती १९२४ साली छापली. बिंब राजाच्या कारकिर्दीसाठी ती फार उशिराची साक्ष, कारण केशवाचार्यांच्या नावावरचा तिचा भाग पंधराव्या शतकातला. पण त्या शतकातल्या उत्तर कोकणातल्या माणसाला आपल्या मागल्या काळाविषयी काय वाटत होतं, असं विचारत गेलात तर तीच बखर पहिल्या हातची. बोरिवलीजवळ एकसरला सहा वीरगळ आहेत. दगडात कोरलेल्या नावा आणि वल्ह्यांच्या रांगा हा प्रत्यक्ष पुरावा. ही लढाई शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची, हे अभ्यासकांचं अनुमान. माझ्या एका विद्यार्थ्याने दोन्ही गोष्टी एकाच तळटीपेत कोंबल्या होत्या. वर म्हणाला, "सर, दगड तर प्राथमिकच ना?"

बाकीचं भराभर सांगतो. ठाणे जिल्ह्याचं १८८२चं गॅझेटियर (साष्टी तेव्हा ठाण्यात होती), जनगणनेची पुस्तकं, काळा घोड्याचं पुराभिलेखागार, वांद्र्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातली जमिनीची दप्तरं: तिथे जावं, बसावं, धूळ खावी. विश्वकोश दारापर्यंत सोडतो, आत आपलं आपण जायचं. शोधगंगेवरचा प्रबंध मी संदर्भसूचीपासून वाचतो. पुष्कळदा तिथेच थांबतो.

शंकर गणेश दात्यांपुढे मात्र हात जोडतो. १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी रचली, पुढे काळे आणि बर्वे यांच्यासह नियतकालिकांचीही. पण उपनगरांनी जे सर्वाधिक मनापासून छापलं, ते अशा सूच्यांच्या जाळ्यातून निसटतं. ते म्हणजे स्मरणिका.

१९५० आणि १९५७ साली महापालिकेची हद्द दोनदा वाढली आणि मुलुंड-दहिसरला भिडली. नव्याने राहायला आलेल्या माणसांनी गणेशोत्सव मंडळं काढली, शाळा काढल्या, वाचनालयं काढली आणि पाच-दहा वर्षं टिकलो या आनंदात स्मरणिका छापल्या. मी त्या चाळीस वर्षं गोळा करतोय. घरचे याला आजार म्हणतात.

स्मरणिका मागून वाचावी. शेवटच्या पानांवर शुभेच्छुकांच्या जाहिराती असतात: पिठाची गिरणी, शिवणक्लास, इस्त्रीवाला, होमिओपॅथ. साल छापायला मंडळ विसरलेलं असतं, 'यंदाच्या उत्सवात' एवढंच. अशा वेळी पत्ता बघायचा. 'मुंबई ४०० ०८०' असेल तर अंक ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड तेव्हा आला. नुसतं 'मुंबई ८०' असेल तर घाई करू नका; लोक जुन्या सवयीने पुढेही तसंच लिहीत राहिले. मग जमाखर्च उघडायचा. मांडव, ध्वनिक्षेपक, नाटकाची बिदागी, प्रसादाची साखर. महागाईचा असा घरगुती आलेख दुसरीकडे मिळत नाही. कार्यकारिणीच्या यादीत बायका आधी हळदीकुंकवापुरत्या दिसतात. सहचिटणीस म्हणून एखादं नाव कधी येतं, तो अंक मी जपून ठेवतो.

आणि त्याच पुस्तिकेत पहिल्या पानावर अध्यक्षांचं मनोगत: 'तेव्हा इथे रान होतं, रात्री कोल्हे ओरडत.' पंचवीस वर्षांनी, कदाचित ऐकीव गोष्टींवरून लिहिलेलं. कोल्ह्यांसाठी हा पुरावा कच्चा. अध्यक्षांना आपण रान हटवून वस्ती केली असं वाटावंसं वाटत होतं, यासाठी पक्का. एकाच टाचणीत टोचलेले हे कागद, आता त्रिकोणात कुठे बसवायचे ते माझ्या शेजाऱ्यांनी सांगावं.

एका ग्रंथालयाला मी तीन पेट्या देऊ केल्या होत्या. याला वर्गांक काय द्यायचा, असं विचारून त्यांनी परत पाठवल्या. दुसऱ्या एका संस्थेने उत्साहाने स्कॅनिंग केलं, पण जागा वाचावी म्हणून जाहिरातींची पानं गाळून! आता तर इमारतींमागून इमारती पुनर्विकासाला जातायत. भाड्याच्या घरात जाताना पहिल्यांदा माळा रिकामा होतो आणि खाली रद्दीवाला काटा घेऊन उभाच असतो. हल्ली मंडळांचे अहवाल व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि फोन बदलला की जातात. पूर्वीची स्मरणिका निदान ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली तरी सापडायची.

गेल्या श्रावणात मुलुंडच्या एका जिन्याखाली सुतळीने बांधलेला गठ्ठा मिळाला. सतरा अंक, त्यातल्या चारांना वाळवी. रद्दीवाल्याने वजनावर भाव लावला, मी न घासता दिला. तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर अंकाच्या संपादकांकडे निरोप ठेवा, रिक्षाभाडं माझं. फक्त मागची पानं फाडू नका.