चढवताना उतरवायचं बघ

गोदीतल्या जुन्या माणसाला जहाजाची लांबी-रुंदी विचारली तर तो फालक्यापासून सुरुवात करतो. फालका म्हणजे डेकवरचं चौकोनी तोंड, ज्यातून माल खाली होल्डमध्ये जातो. मुंबईच्या इंदिरा गोदीत उभी हयात घालवलेल्या एका निवृत्त कामगारांकडे मी पलटणी वाहून नेणाऱ्या जहाजांची चौकशी घेऊन गेलो होतो. त्यांनी फरशीवर खडूने जहाजाचा उभा छेद काढला. पोटात होल्डचे खण, मधोमध इंजिन, प्रत्येक खणावर एक फालका. मग तळापासून वर भरत गेले. जड माल खाली, पिंपं पोत्यांवर कधीच नाही, दोन थरांमध्ये लाकडी फळ्या, लोखंडी भिंतीला पोतं टेकू द्यायचं नाही कारण भिंतीला घाम सुटतो. शेवटच्या बंदराचा माल आधी आणि तळाला. पहिल्या बंदराचा शेवटी आणि वर. “चढवताना उतरवायचं बघायचं,” ते म्हणाले. “बाकी सगळी हमाली.”

लष्करी वाहतुकीवर ग्रंथच्या ग्रंथ आहेत, पण त्यांचं सार याहून फार वेगळं निघत नाही. १९१५ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेसाठी आलेली ब्रिटिश जहाजं थेट किनाऱ्याला लागूच शकली नाहीत. तोफा एका जहाजात, गोळे दुसऱ्यात, गाड्या एकीकडे, जनावरं भलतीकडे. सगळा ताफा मागे फिरून इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला गेला आणि जहाजं रिकामी करून नव्याने भरली. तेवढ्या आठवड्यांत तुर्कांनी खंदक खणून घेतले.

मी धावड्याचा. भोकरदन तालुक्यात, बुलढाण्याच्या सीमेजवळ, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आमच्या भागात पाण्याची चर्चा होते ती विहिरीची. तरीही समुद्रावरून आलेल्या सैन्याशी या मुलखाचा संबंध जुना आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला याच जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. त्यात मोठी किंमत मोजणारी ७४ वी आणि ७८ वी या स्कॉटिश पलटणी होत्या. त्या काळी सुएझचा कालवा नव्हता. आफ्रिकेला वळसा घालून, शिडाच्या जहाजात कित्येक महिने काढल्याशिवाय असा शिपाई हिंदुस्थानात पोचत नसे. कालवा झाला १८६९ मध्ये. त्यानंतर मुंबई हे फौजा उतरवण्याचं आणि चढवण्याचंही बंदर म्हणून आणखी वाढलं.

चढवण्याचं सगळ्यात अवघड काम माणसाचं नसे, जनावराचं असे. बाजारातून घेतलेला बैल ट्रकमध्ये चढवताना ज्याने पाहिलाय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फळी पोकळ वाजली की बैल पाय मागे घेतो. म्हणून फळीवर माती किंवा भुसा टाकतात, मुरलेला बैल आधी चढवतात, आणि बिचकणाऱ्याच्या डोळ्यांवर उपरणं. गोदीत घोड्या-खेचरांसाठी हेच होई. फक्त जिथे धक्का नसेल तिथे पोटाखाली जाड कापडाची झोळी घालून क्रेनने जनावर उचलत. पाय अधांतरी झाले की बहुतेक जनावरं एकदम गप्प होतात. दंगा होतो तो खुरांना पुन्हा डेक लागला की. १८६७-६८ च्या अ‍ॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) मोहिमेत मुंबईहून ४४ हत्तीसुद्धा जहाजाने तांबड्या समुद्रापलीकडे झुलाच्या किनाऱ्यावर नेले होते. लढणारे सैनिक सुमारे १३,०००, त्यांच्यामागचे नोकर-हमाल-कामाठी त्याच्या दुप्पट, आणि जनावरं चाळीस हजारांच्या वर. मोहीम लढायांपेक्षा वाहतुकीची होती, आणि सेनापती नेपियर मुळात इंजिनियर होता. आधी त्याने धक्का बांधून घेतला, पाणी शुद्ध करायची यंत्रं आणली, किनाऱ्यापासून आत रेल्वे टाकली. मग फौज पुढे काढली. १८६८ च्या एप्रिलमध्ये मग्दालाचा किल्ला पडला आणि जूनपर्यंत फौज परतली.

घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे माणसासारखं त्याचं पोट मोकळं होत नाही. तो मान टाकतो, वैरण सोडतो. अरुंद लाकडी खणात छातीशी आडवी फळी, मागे दुसरी, आणि सारा प्रवास उभ्यानेच. बसायला जागा दिली तर हेलकाव्यात उठता येणार नाही आणि पाय मोडेल. खालच्या मजल्यावर मुताच्या उग्र वाफेने डोळे झोंबत. हवा खाली ढकलायला फालक्यातून कापडाची लांब नळकांडी सोडत, तिचं तोंड वाऱ्याकडे. तांबड्या समुद्रात वारा पाठीमागून जहाजाच्याच वेगाने येऊ लागला की ही नळकांडी लुळी पडायची. मग कधीकधी जहाज थोडा वेळ उलटं फिरवत, केवळ खालच्या जनावरांना श्वास मिळावा म्हणून.

इंदिरा गोदीचं जुनं नाव अलेक्झांड्रा डॉक. ती १९१४ मध्ये सुरू झाली आणि काही महिन्यांतच पहिलं महायुद्ध पेटलं. ऑगस्टच्या अखेरीपासून मुंबई आणि कराचीहून फौजा निघू लागल्या. मिळतील ती प्रवासी आणि मालवाहू जहाजं सरकारने भाड्याने घेतली. सुतारांनी होल्डमध्ये घोड्यांचे खण ठोकले, डेकवर स्वैपाकासाठी वेगवेगळ्या चुली मांडल्या, पाण्याच्या टाक्या वाढवल्या. जहाज चालवणारेही बहुतेक इथलेच होते. डेकवर सारंग, टंडेल आणि रत्नागिरीकडचे खलाशी; खाली भट्टीशी आगवाले आणि कोळसेवाले; खाण्यापिण्याकडे गोव्याची माणसं. युद्धात गेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर न मिळालेल्या दोन हजारांवर खलाशांचं स्मारक मस्जिद बंदरला, खलाशांच्या वसतिगृहात आहे. रस्त्यावरून जाताना ते दिसत नाही.

१६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबईतून जो ताफा सुटला त्यात दोन वेगवेगळ्या मोहिमांची फौज होती. एक जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदराकडे, दुसरी इराणच्या आखाताकडे. तारीख एक, बंदर एक, आणि दोघींची नशिबं दोन टोकांना.

टांगाच्या फौजेत ९८ वी इन्फंट्री होती. जालना, हिंगोली, मोमिनाबाद, औरंगाबाद या आमच्याकडच्या छावण्यांमध्ये वावरलेल्या हैदराबाद कंटिंजंटमधलीच ही पलटण. १९०३ च्या फेररचनेत तिला हा क्रमांक मिळाला. भरती मात्र बरीचशी उत्तरेकडची. या मोहिमेतले कित्येक शिपाई सप्टेंबरच्या अखेरीलाच जहाजावर चढवले गेले आणि एमडेन या जर्मन युद्धनौकेच्या धास्तीने ताफा थांबला म्हणून बंदरातच दोन आठवडे जहाजावर बसून राहिले. सुटल्यावर ताफ्याचा वेग सगळ्यात मंद जहाजाइतका. उकाडा, गर्दी, समुद्र लागलेली माणसं. मोंबासाला चार दिवस उतरवून पायाखाली जमीन येऊ द्यावी, ही सूचना मोहिमेचा सेनापती जनरल एटकनने धुडकावली. २ नोव्हेंबरला ताफा टांगासमोर आला तेव्हा आधी शहराला इशारा देण्यात आला, आणि जर्मन सेनापती लेटो-फोरबेकला माणसं आणायला हवा होता तेवढा वेळ मिळाला. सुमारे ८,००० जणांची फौज जेमतेम हजारभरांपुढे ४ तारखेला मोडली. ९८ व्या पलटणीवर तर मोहोळं उठली. मधमाश्यांनी लढाई उधळली ही गोष्ट लोकांना भारी आवडते. पण ज्या माणसाचे पाय महिनाभर डेक सोडून कशाला लागलेले नाहीत, तो झाडीत मोहोळ उठलं नसतं तरी किती धावला असता? दुसऱ्या दिवशी फौज पुन्हा होड्यांत भरली. चढायची घाई इतकी की १६ मशीनगन आणि सहा लाख काडतुसं किनाऱ्यावरच राहिली.

दुसऱ्या फौजेत पुणे डिव्हिजनची १६ वी ब्रिगेड होती आणि तिच्यात ११७ वी मराठा पलटण. कोकण आणि देश, दोन्हीकडची पोरं. २३ ऑक्टोबरला ती बहारीनला पोचली आणि तुर्कस्तान युद्धात उतरण्याची वाट बघत जहाजावरच राहिली. म्हणजे तिष्ठणं यांच्याही वाट्याला आलंच. पण ६ नोव्हेंबरला शत्त अल-अरबच्या मुखाशी फाओला उतरताना क्रम चुकला नाही. आधी ओडिन या लहान युद्धनौकेने किल्ल्याच्या तोफा बंद पाडल्या, मग मोजकी तुकडी काठावर गेली, बाकीची जहाजं नदीतून वर सरकली. तिथेही धक्का नव्हता. चिखलाच्या काठावर होड्यांतून माणसं आणि जनावरं उतरवली गेली. महिना संपायच्या आत बसरा हातात आलं. मुंबईहून जहाजं भरभरून येऊ लागली. १०३ वी आणि ११० वी मराठा पलटणही आली.

पुढची चूक याच यशातून निघाली. मोठी जहाजं बसऱ्यापर्यंत; त्यापुढे तैग्रिसवर उथळ तळाच्या आगबोटी हव्यात, आणि त्या मोजक्याच होत्या. तरी फौज बगदादच्या दिशेने वर वर गेली. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला चार हजारांवर माणसं पडली, घायाळ झाली. त्यांना खाली आणायला रुग्णबोटी नव्हत्या. बसऱ्याला व्हरेला या रुग्णजहाजावर असलेले मेजर कार्टर हे डॉक्टर मेजिदिये नावाच्या बोटीची वाट बघत होते. ती जवळ आली तेव्हा बाजूंवरून दोरखंड लोंबताहेत असं त्यांना वाटलं. ती माणसांची विष्ठा होती. जखमी इतके दाटीने ठेवलेले की हलायला जागा नव्हती आणि कडेला न्यायला कोणी नव्हतं. कार्टरांनी हे वर कळवलं तर वरिष्ठांनी त्यांनाच दम भरला. मागे फिरलेली फौज तैग्रिसकाठच्या कूतला कोंडली गेली. २९ एप्रिल १९१६ ला ती शरण गेली तेव्हा तिच्यात मराठ्यांच्या या तिन्ही पलटणी होत्या.

१९१७ मध्ये या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल आला. त्याने कार्टरांचं म्हणणं उचलून धरलं आणि नदीवरच्या वाहतुकीची टंचाई हे अपयशाचं मूळ ठरवलं. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनने राजीनामा दिला. अहवालात टनांचे, बोटींचे, खाटांचे आकडे आहेत. सैनिक पुढे पाठवायचे किती याचा हिशेब सरकारने चोख ठेवला होता. त्यातले जखमी किती, आणि ते कुठल्या बोटीतून मागे येणार, हा हिशेब कोणी नीट मांडलाच नव्हता. गोदीतल्या मुकादमाने असं जहाज भरलं असतं तर मालकाने त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. इथे त्या चुकीची भरपाई कूतमधल्या पलटणींनी कैदेत केली.