एकशे सत्तावन्न, अठरा

सकाळचे साडेसहा. नवतपा लागून दोन दिवस झालेत आणि एवढ्या लवकरही भंडाऱ्याबाहेरच्या या गॅरेजच्या टिनाखाली उभं राहवत नाही. महामार्गावरून रायपूरकडे ट्रेलर धडधडत जातात, तेव्हा टेबलावरचा लॅपटॉप हलतो. त्यातून निघालेली जाड केबल समोरच्या लोडरच्या केबिनमध्ये, डॅशबोर्डखालच्या नऊ पिनांच्या गोल सॉकेटात बसवलेली आहे. पुढे भरणारं, मागे खोदणारं हे यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, इकडे त्याला जेसीबीच म्हणतात.

यंत्र माझ्या मामेभावाचं. तीन आठवड्यांपूर्वी जुनं घेतलंय, २०२१ सालचं. आवर मीटरवर ६,१४० तास. साकोली तालुक्यात एका मामा तलावातला गाळ काढायचं काम त्याच्याकडे आहे. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेले, आजही धानाला पाणी देणारे. तळ कोरडा असतो तो उन्हाळ्यातच. मृगाचा पाऊस पडला की बकेट आत उतरत नाही. हातात जेमतेम पंधरा दिवस उरलेत.

“रिकामी फिरताना काई नाही जी,” तो मिस्त्रींना सांगतो. “मातीत घातली की दम सोडते. दुकानवाला म्हणते, पंप बदला. लाखाच्या वर सांगून राह्यला.”

मिस्त्री उत्तर देत नाहीत. पन्नाशीचे असतील. खिशात पेन, मांडीवर शाळकरी वही. ते आधी बॅटरीला मीटर लावतात, पोराला स्टार्टर मारायला सांगतात आणि आकडा किती खाली जातो ते बघतात. दहा व्होल्टच्या वर थांबतो. वहीत नोंद होते. मगच ते स्क्रीनकडे वळतात.

चालू दोषांत एकच ओळ: १५७, पुढे १८. खाली जुन्या, आता बंद असलेल्या दोषांत ९७, चौदा वेळा.

“पहिला आकडा म्हणजे कुठं, दुसरा म्हणजे काय झालं,” ते हाताखालच्या पोराला सांगतात. “एकशे सत्तावन्न म्हणजे रेलचा, सगळ्या नोझलले डिझेल देते त्या नळीचा, दाब. आता दुसरा पाय. तीन आला तर व्होल्टेज जास्त, चार आला तर कमी, पाच आला तर तार तुटली. तवा आधी वायर धरायची. अठरा म्हणजे सेन्सर बरोबर बोलून राह्यला, दाबच कमी पडते.”

मला वाटतं, जुन्या यंत्रांचे पैसे बुडतात ते या दुसऱ्या आकड्यापाशी. पहिला आकडा सगळे फोनवर सांगतात, दुसरा कुणी विचारत नाही. स्क्रीन म्हणते दाब कमी, आणि दुकानात पोचेपर्यंत त्याचा पंप खराब झालेला असतो.

एप्रिल २०२१पासून चाकांच्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले. तोवरच्या बहुतेक लोडरांवर साधा मेकॅनिकल पंप असायचा. कान लावून, धूर बघून दोष सापडायचा. नंतरच्या यंत्रांत कॉमन रेल आली, कॉम्प्युटर आला. आता ती पिढी जुनी होऊन विकायला येतेय, आणि हातात पाना धरलेल्या माणसाला आकडे वाचावे लागताहेत.

पोरगा तेवढ्यात सवयीनं १७चा पाना घेऊन नोझलच्या नटाकडे हात नेतो.

“हात काढ!” मिस्त्रींचा आवाज एवढा चढतो की मीही मागे सरतो. “इंजिन चालू आहे. हे जुनं लोडर नाही. इथं नट ढिला केला तर डिझेल कातडीतून आत घुसते. हात कापावा लागते, समजलं?”

पोरगा पाना खाली ठेवतो. मिस्त्री स्वतः उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, मग परत बसतात.

इंजिन बंद, चावी चालू: रेलच्या सेन्सरवर अर्धा व्होल्ट. म्हणजे शून्य दाबाला शून्यच दाखवतोय, सेन्सर सुटला. इंजिन चालू: मागणी ३५० बार, मिळतात ३५०. आता ऑपरेटर बकेट टोकापर्यंत नेऊन हायड्रॉलिक ताणून धरतो. मागणी ११०० होते. मिळतात ९००, ७६०, ६५०. इंजिन घुसमटतं आणि पिवळा दिवा लागतो.

मामेभावाचा चेहरा उतरतो. “म्हणजे पंपच ना जी?”

मिस्त्री टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकतात आणि आम्हाला बोलावतात. सगळं इंजिन मातीनं, तेलानं काळं झालंय. पंप तेवढा स्वच्छ, त्याच्या बोल्टांची डोकी अजून चकचकीत. “भाऊ, हा पंप एकदा बदललेला आहे,” ते हळू बोलतात. “तुमच्या आधीच्यानं बदलला. तरी दोष गेला नाही, म्हणून विकली असंन.”

कुणीच काही बोलत नाही.

मग मिस्त्री जे करतात त्याला लॅपटॉप लागत नाही. टाकीकडून येणारी नळी ते सोडतात, तिच्या जागी पारदर्शक नळी लावतात आणि तिचं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्ये बुडवतात. हातपंपानं हवा काढतात. इंजिन चालू, हायड्रॉलिक ताणलेली. मागणी ११००, मिळतात १०९०. धरून ठेवा, म्हणतात. १०९०. नळीत एक बुडबुडा नाही.

म्हणजे दोष टाकीत.

टाकीतला सक्शन पाइप बाहेर येतो तेव्हा त्याच्या तोंडाशी बोटाएवढा राखाडी सिलिकॉनचा तुकडा चिकटलेला आहे, डिझेलमध्ये भिजून फुगलेला. कधीतरी कुणी डिझेल गेजच्या झाकणाला सिलिकॉन फासलं, जास्तीचं आत पडलं. रिकाम्या यंत्राला लागेल तेवढं डिझेल त्याच्या कडेनं जात होतं. ओढ वाढली की तुकडा तोंड बुजवायचा. मिस्त्री तो मामेभावाच्या तळहातावर ठेवतात.

“आणि ते सत्त्याण्णव?” मी विचारतो.

“डिझेलमधलं पाणी.” ते सेपरेटरचा खालचा नळ उघडतात; आधी पाणी, मग डिझेल. “तलावावर ड्रम उघडा नका ठेवू, भाऊ. हे पाणी नव्या पंपालेही खाईल.”

टाकी धुऊन, फिल्टर बदलून, हवा काढून होते तोवर साडेदहा वाजलेत. मिस्त्री तिन्ही आकडे वहीत उतरवतात, मगच स्क्रीनवरचे पुसतात. ऑपरेटर गॅरेजमागच्या मुरमाच्या ढिगात बकेट घालतो, उचलतो, रिकामी करतो, पुन्हा घालतो. मामेभाऊ घड्याळ बघतो. साकोली चाळीसेक किलोमीटर आहे. आता निघालं तर दुपारी पोचेल.

अर्धा तास होतो. यादी कोरीच आहे.

“निघू का जी?”

“अजून वीस मिनिटं,” मिस्त्री स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणतात. “डिझेल गरम होऊ द्या.”