गवा पाहायला जाताना

थंडीच्या दिवसांत अभयारण्यांच्या सहली वाढतात. नुकतेच आम्ही सहकुटुंब दाजीपूरला जाऊन आलो. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात हे राखीव शिकारीचे रान होते. १९५८ साली गव्यांसाठी ते अभयारण्य झाले. आज ते राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते. सकाळच्या उन्हात गव्यांचा कळप चरताना दिसला आणि प्रवासाचा शीण गेला. अशी सहल मनाच्या आरोग्याला उत्तमच! मात्र मुक्कामी परतल्यावर धाकटीच्या मोज्यावर तिळाएवढी गोचीड दिसली, म्हणून आजचा हा विषय.

जिथे जनावरे, तिथे गोचिडी असायच्याच. बहुतेक वेळा चावा निरुपद्रवी असतो. पण काही गोचिडींतून माकडतापाचे विषाणू माणसाच्या शरीरात शिरतात. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात हा रोग प्रथम आढळला. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात २०१६ साली त्याची साथ आली होती. गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून ताप येतो, डोके व अंग विलक्षण दुखते, उलट्या होतात. काहींना नाका-हिरड्यांतून रक्तही येते. विषाणू मारणारे खास औषध नाही. पण वेळीच उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात.

म्हणून जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे, फिकट रंगाचे कपडे घालावेत. पँट मोज्यांत खोचावी. पाचोळ्यावर बसू वा लोळू नये. मेलेले माकड दिसल्यास हात न लावता वनखात्याला कळवावे. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करावी; काखा, जांघा, कंबर, गुडघ्यांमागे व कानांमागे नीट पाहावे. गोचीड चिकटलेली दिसल्यास रॉकेल लावू नये, चटका देऊ नये, बोटांनी चिरडू नये. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सहलीनंतर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर मनाने गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांकडे जा आणि 'मी जंगलात गेलो होतो' हे आवर्जून सांगा. आम्हा डॉक्टरांना रुग्णाचा ताप दिसतो, त्याचा प्रवास दिसत नाही. या एका वाक्याने योग्य तपासणी वेळेवर होते.

गोचिडीच्या भीतीने गवा पाहण्याचा आनंद मात्र सोडू नका. काळजी घ्या आणि खुशाल जा!