निद्रेविषयीचे रूढ समज आणि चाचण्यांची साक्ष

रात्री झोप लागत नाही अशी तक्रार एखाद्याने चारचौघांत केली, की तीवरचे इलाज त्याला मागावे लागत नाहीत. कोणी जायफळ उगाळून दुधातून घ्यायला सांगतो, कोणी तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने चोळण्याचा आग्रह धरतो, कोणी स्वतःच्या औषधांतली एखादी गोळी काढून देण्यासही तयार होतो, आणि या प्रत्येकाच्या पाठीशी स्वतःच्या किंवा आप्तांच्या अनुभवाचा दाखला असतोच. या सद्भावनेचा आदर राखूनही एवढे म्हणणे प्राप्त आहे, की एकट्यादुकट्याचा अनुभव निद्रेच्या बाबतीत विशेषच दुबळा पुरावा ठरतो. कारण निद्रानाश हा कमीजास्त होत राहणारा विकार असल्यामुळे तो फार बळावला असतानाच मनुष्य उपाय शोधू लागतो, आणि त्यानंतर आपोआप पडणाऱ्या उताराचे श्रेय त्या उपायाच्या पदरी पडते. हा दोष टाळण्यासाठी संशोधक रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटांत विभागणी करतात, एका गटास उपचार आणि दुसऱ्यास निरौषध गोळी किंवा नेहमीचीच देखभाल देतात, आणि मेंदूच्या विद्युत्‌लहरी टिपणारी यंत्रे, मनगटावर बांधायची हालचालमापके व रुग्णाने स्वतः लिहिलेली निद्रेची रोजनिशी यांच्या साहाय्याने दोहोंतला फरक मोजतात. अशा चाचण्यांची साक्ष आपल्या काही दृढ समजुतींच्या विरुद्ध जाते, आणि ज्यांच्या रात्री तळमळत सरतात त्यांच्या हितासाठी ती घरोघरी पोचणे अगत्याचे आहे.

गैरसमज पहिला : झोप पुरत नसेल, तर अंथरुणावर अधिक वेळ पडून राहावे

वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. निद्रानाशाने गांजलेला मनुष्य नऊ वाजताच दिवा मालवतो, सकाळी सातपर्यंत उठत नाही, आणि या दहा तासांत त्याच्या वाट्याला पाच-सहा तासांची, तीही तुकड्यातुकड्यांची झोप येते. दिवसभराच्या जागृतीने शरीरात निद्रेची जी निकड साचत जाते, ती लवकर आडवे झाल्याने पुरती साचत नाही. आणि तासन्‌तास जागेपणी लोळण्याचा परिपाठ पडला, की अंथरूण हे विश्रांतीचे स्थान न राहता चिंतेचे स्थान बनते, इतके की बैठकीच्या खोलीत पेंगुळलेला मनुष्य गादीवर पाठ टेकताच टक्क जागा होतो.

या निदानावर आधारलेले दोन उपाय अमेरिकेत पुढे आले. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या उपायाचा आशय असा, की झोप खरोखर आल्यावरच अंथरुणावर जावे. थोड्या वेळात ती न लागल्यास उठून अन्यत्र बसावे व पुन्हा पेंग आल्यावरच परतावे. अंथरुणाचा उपयोग वाचन, हिशेब किंवा विवंचना यांसाठी करू नये. आणि रात्र कशीही गेली तरी सकाळी उठण्याची वेळ बदलू नये. ज्यांच्या घरी दुसरी खोली नाही त्यांनी अंथरूण सोडून खुर्चीवर बसले, तरी या नियमाचा हेतू साधतो. दुसरा उपाय आर्थर स्पीलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रुग्णाने एक-दोन आठवडे रोजनिशी ठेवायची, प्रत्यक्ष झोपेची सरासरी काढायची, आणि तेवढाच वेळ अंथरुणावर घालवायचा. म्हणजे दहा तासांत सहाच तास झोप मिळत असेल, तर बारा ते सहा एवढीच मुदत मुक्रर करायची, आणि त्या मुदतीचा सुमारे ८५ टक्के भाग झोपेने भरू लागल्यावर ती पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवीत न्यायची. आरंभीच्या आठवड्यांत दिवसा ग्लानी वाढते, हे रुग्णाला आधीच सांगावे लागते. आणि अपस्मार किंवा उन्माद-विषादाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच वाहने व यंत्रे चालविणाऱ्यांनी, हा उपाय वैद्यकीय देखरेखीवाचून कदापि करू नये.

हा उपाय मोठ्या विद्यापीठांतील तज्ज्ञांच्या हातीच गुण देतो की काय, या शंकेचे निरसन २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील चाचणीने केले. तीत ६४२ रुग्ण होते. सर्वांना निद्रेच्या सर्वसाधारण पथ्यांची पुस्तिका दिली, आणि निम्म्यांना तीशिवाय स्थानिक दवाखान्यातल्या परिचारिकांनी चार भेटींत स्पीलमन यांची पद्धत शिकविली. सहा महिन्यांनंतर २८ गुणांच्या निद्रानाशमापनपट्टीवर केवळ पुस्तिका मिळालेल्यांची सरासरी १३.९, तर परिचारिकांकडून शिकलेल्यांची १०.९ भरली. या परिचारिका निद्राविकारांच्या तज्ज्ञ नव्हत्या, ही बाब आपल्यासारख्या देशाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गैरसमज दुसरा : झोपेची गोळी हाच खात्रीचा इलाज

गोळीने झोप लवकर लागते हे असत्य नाही. प्रश्न आहे तो परिणामाच्या टिकाऊपणाचा आणि त्याच्या किमतीचा. चार्ल्स मॉरिन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत पंचावन्न व त्याहून अधिक वयाच्या ७८ रुग्णांचे चार गट केले : एकास वर्तनोपचार, दुसऱ्यास टेमाझेपाम ही गोळी, तिसऱ्यास दोन्ही, आणि चौथ्यास निरौषध गोळी. उपचार चालू असताना पहिले तिन्ही गट चौथ्यापेक्षा सरस ठरले. परंतु दोन वर्षांपर्यंत पाठपुरावा केल्यावर असे आढळले, की वर्तनोपचार घेतलेल्यांनी मिळविलेला लाभ टिकवून धरला, आणि केवळ गोळीवर विसंबलेल्यांचा ओसरला. गोळी थांबली की तिचे कार्य थांबते. शिकलेली शिस्त मात्र मनुष्यापाशी राहते. २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या वैद्यकसंस्थेने दीर्घकालीन निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना प्रथम बोधात्मक वर्तनोपचारच द्यावा, अशी शिफारस केली. वर सांगितलेले दोन उपाय आणि निद्रेविषयीच्या अतिरेकी भीतीचे विचारपूर्वक निराकरण, हे त्या उपचाराचे मुख्य घटक होत.

या उपचाराचा लाभही अतिशयोक्तीने सांगू नये. २०१५ मध्ये २० चाचण्यांतील ११६२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली असता, झोप लागण्यास लागणारा वेळ सरासरी १९ मिनिटांनी आणि मध्यरात्रीची जाग २६ मिनिटांनी घटली, पण एकूण झोप जेमतेम ८ मिनिटांनी वाढली, असे दिसले. म्हणजे जी सुधारणा झाली ती तासांच्या संख्येत नसून निद्रेच्या सलगपणात झाली. आणि रुग्णाला सकाळी जी टवटवी हवी असते, ती बऱ्याच अंशी या सलगपणाचीच देणगी असते.

गोळ्यांची किंमतही अधिकृत दप्तरात नोंदलेली आहे. झोल्पिडेम या औषधाचा अंमल सकाळपर्यंत रेंगाळून वाहन चालविणे धोक्याचे होते म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी त्याची आरंभीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. आणि झोपेतच चालणे, इतकेच नव्हे तर वाहन चालविणे, असे प्रकार घडल्यामुळे २०१९ मध्ये त्या वर्गातील औषधांवर सर्वांत कडक इशारा छापण्याचा हुकूम काढला. तथापि जे दीर्घकाळ अशा गोळ्या घेत आहेत त्यांनी हे वाचून त्या एकाएकी सोडू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरविणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

मेलाटोनिनची कथा याहून सौम्य आहे. शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणारे हे संप्रेरक ‘नैसर्गिक’ म्हणून बिनदिक्कत घेतले जाते. पण २०१३ मध्ये १९ चाचण्यांतील १६८३ व्यक्तींचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा त्याने झोप लागण्याचा वेळ सरासरी अवघ्या ७ मिनिटांनी कमी केल्याचे दिसले. विमानाने पृथ्वीचे अनेक कालविभाग ओलांडल्याने शरीराचे घड्याळ चुकते, तेव्हा त्याचा उपयोग अधिक स्पष्ट आहे.

गैरसमज तिसरा : संध्याकाळची कॉफी मला बाधत नाही, आणि थोड्या मद्याने झोप चांगली लागते

२०१३ मधील एका अमेरिकन प्रयोगात बारा निरोगी व्यक्तींना ४०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे चार पेले कॉफीत असते तेवढे, कॅफीन झोपेच्या सहा तास आधी दिले, तरी यंत्राच्या नोंदीप्रमाणे त्यांची झोप एका तासाहून अधिक घटली. शरीरातील कॅफीन निम्मे होण्यास साधारणपणे पाच तास लागतात, हे ध्यानी घेतले म्हणजे यात नवल वाटत नाही. मद्याने डोळा लवकर लागतो खरा, परंतु स्वप्नयुक्त निद्रा दडपली जाते आणि उत्तररात्री झोप वारंवार मोडते.

उलटपक्षी, घरगुती उपायांपैकी ऊन पाण्याच्या स्नानाला चाचण्यांचा दुजोरा मिळाला आहे. झोपण्यापूर्वी एक-दोन तास ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्याने दहा मिनिटे स्नान केले, तरी झोप सरासरी दहा मिनिटे लवकर लागते, असा निष्कर्ष २०१९ मधील एका समीक्षेने काढला; ऊन पाण्याने हातापायांच्या रक्तवाहिन्या विस्तारतात, त्यांवाटे शरीराच्या अंतर्भागातील उष्णता बाहेर पडते, आणि हा आतला थंडावाच निद्रेला आवाहन करतो. परंतु अशी पथ्ये कितीही हितावह असली, तरी जुनाट निद्रानाशावर ती एकटी पुरी पडत नाहीत. म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०२१ मध्ये केवळ पथ्यांवर भिस्त ठेवू नये, असा अभिप्राय दिला.

गैरसमज चौथा : दुपारची डुलकी म्हणजे आळस

याविषयीचा अत्यंत उद्बोधक पुरावा आपल्याच देशातला, चेन्नईतला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अल्प उत्पन्नाच्या ४५२ प्रौढांची झोप मनगटी यंत्राने मोजली, तेव्हा ते आठ तास अंथरुणावर असूनही सरासरी साडेपाच तासच झोपतात, आणि त्यांची निद्रा निद्राविकारग्रस्तांइतकीच खंडित असते, असे आढळले. त्यांपैकी काहींना माहिती, प्रोत्साहन आणि घरी झोपण्याची अधिक चांगली साधने पुरविल्यावर रात्रीची झोप २७ मिनिटांनी वाढली; परंतु ती वाढ अंथरुणावरचा वेळ वाढल्यामुळे झालेली होती, आणि तज्ज्ञांच्या अपेक्षेविरुद्ध तिच्यामुळे त्यांच्या कार्यक्षमतेत, बुद्धीच्या तरतरीत किंवा मनःस्वास्थ्यात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. याउलट कामाच्या जागी दुपारी थोडा वेळ झोपू दिलेल्यांमध्ये या तिन्ही बाबतींत सुधारणा दिसली, मात्र कामाचा वेळ तेवढा घटला. दुपारच्या अल्प निद्रेस आळस म्हणून हिणवणाऱ्या मालकांनी व वडीलधाऱ्यांनी या निष्कर्षाचा शांतपणे विचार करावा. ज्यांना रात्री झोपच लागत नाही, त्यांनी मात्र दिवसा झोपून निद्रेची निकड खर्ची घालू नये.

गैरसमज पाचवा : कमी झोपेची शरीराला सवय होते

सवय होते ती केवळ थकव्याच्या जाणिवेची. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ४८ निरोगी व्यक्तींच्या प्रयोगात काहींना सलग चौदा दिवस रात्री चार, काहींना सहा, तर काहींना आठ तास झोपू दिले. सहा किंवा चार तास झोपणाऱ्यांची एकाग्रता दिवसेंदिवस घसरत जाऊन, एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्यांच्या पातळीला पोचली. परंतु आपल्याला किती झोप येते आहे, याचा त्यांचा स्वतःचा अंदाज त्या प्रमाणात वाढला नाही. ज्याची शक्ती क्षीण झाली आहे त्यालाच तिची खबर नसावी, यासारखा धोका नाही.

गैरसमज सहावा : घोरणारा मनुष्य गाढ झोपलेला असतो

मोठ्याने घोरताना मध्येच श्वास थांबत असेल, गुदमरल्यासारखी जाग येत असेल आणि दिवसा डोळे मिटत असतील, तर ते निद्रावस्थेतील श्वासरोधाचे लक्षण असू शकते. या विकारावर नाकावाटे दाबाने हवा पुरविणारे यंत्र सिडनीचे कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. २०१६ मध्ये हृद्रोग किंवा पक्षाघाताचा इतिहास असलेल्या २७१७ रुग्णांच्या चाचणीत या यंत्राने पुढील हृदयविकार टाळता आले नाहीत, पण घोरणे व दिवसाची पेंग कमी झाली आणि रुग्णांचे जीवनमान सुधारले. उपायाचा लाभ व त्याची मर्यादा, दोन्ही एकाच दस्तऐवजात निःसंकोच नोंदविण्यातच अशा संशोधनाचे मोल आहे.

निद्रानाश तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला असेल, तर वाचकांनी दोन आठवडे निद्रेची रोजनिशी ठेवावी, ती घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि गोळीचे नाव निघण्यापूर्वी वर्तनोपचाराची चौकशी करावी. परंतु ही जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकून भागणार नाही. ज्या उपायाला औषध लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि जो परिचारिकेला चार भेटींत शिकविता येतो, तो आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मराठीत उपलब्ध करून देण्याची तजवीज शासनाने व वैद्यकीय महाविद्यालयांनी आता केली पाहिजे.