अमेरिकेतील औषधाचे दुकान आणि मधला हिशेबनीस

आपल्याकडे औषधाच्या पट्टीवर कमाल किंमत छापलेली असते. पैसे दिले की व्यवहार संपला. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या सभासदांना मात्र तिथला व्यवहार कोड्यात टाकतो. गोळी तीच, पण ज्याच्या-त्याच्या विम्याप्रमाणे किंमत वेगळी. या व्यवहाराच्या मधोमध असतात फार्मसी बेनिफिट मॅनेजर, म्हणजेच ‘पीबीएम’ कंपन्या.

विमा योजनेच्या वतीने औषधांचा हिशेब या कंपन्या ठेवतात. रुग्ण दुकानात आपला वाटा भरतो, उरलेली रक्कम पीबीएम देते. पण एकूण दर ठरतो तिच्याच यादीप्रमाणे. समजा, दुकानदाराने औषध 100 डॉलरला घेतले आणि यादीतला दर 90 असला, तर 10 डॉलर त्याच्या खिशातून जातात. करार नाकारणेही अवघड, कारण 2023 मध्ये देशातील सुमारे 80 टक्के प्रिस्क्रिप्शनचे व्यवहार तीनच बड्या पीबीएमकडून झाले. अशाने गावातले एकमेव दुकान बंद पडण्याची भीती असते.

म्हणून आर्कान्सा राज्याने 2015 मध्ये ‘अ‍ॅक्ट 900’ केला. दुकानदाराला निदान खरेदीइतकी रक्कम मिळावी, घाऊक भाव वाढले की दरयादी वेळेवर सुधारावी, दराविरुद्ध दाद मागता यावी आणि तोटा होत असेल तर औषध देण्यास नकार देता यावा, अशा त्यातील तरतुदी आहेत. पीबीएमच्या संघटनेने याला न्यायालयात आव्हान दिले. नोकरदारांच्या लाभ योजना 1974 च्या ‘एरिसा’ या केंद्रीय कायद्याखाली येतात, तिथे राज्याला अधिकार नाही, असा तिचा दावा होता. 10 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 8-0 असा एकमताने तो फेटाळला. दराचे नियमन केल्याने योजनेचा खर्च वाढेल, पण योजनेचे स्वरूप राज्य ठरवत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे.

मात्र राज्यांना सगळेच रान मोकळे नाही. योजनेत कोणती दुकाने असावीत याविषयीचे ओक्लाहोमाचे काही नियम 2023 मध्ये अपील न्यायालयाने एरिसाच्या आधारे रोखले.

तिकडे मुक्कामी असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. विम्याऐवजी रोखीने औषध स्वस्त पडत असेल, तर ते ग्राहकाला सांगण्यास दुकानदाराला मनाई करणारी कलमे 2018 च्या केंद्रीय कायद्यांनी बंद केली आहेत. तेव्हा “रोखीने किती पडेल?” हे विचारायला संकोच करू नका.