गणिताच्या बाई आणि तीन खाती

आमच्या उमरीच्या गटाच्या बैठकीत एका ताईनं विचारलं, "पोरगी बीएस्सीला हाय. शिष्यवृत्तीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवून शाळांच्या हापिसात गेले. तिथं म्हणाले, हे आमच्याकडं नाही. मग कोणाकडं?" आम्हालाही नीट सांगता आलं नाही. म्हणून आम्ही माहिती काढली. ती समजून घेताना एका बाईंचा प्रवास कामी आला.

त्या बाई म्हणजे प्रा. वर्षा गायकवाड. गणितात एम.एस्सी., शिवाय बी.एड. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्या शिकवत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं हे कॉलेज १९४६ साली काढलं. याच संस्थेनं १९५० मध्ये मराठवाड्यातल्या पोरांसाठी औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय.

२००४ मध्ये बाई धारावीतून आमदार झाल्या. वडील एकनाथ गायकवाड आधीपासून राजकारणात होते, त्यामुळं वाट ओळखीची होती, हे खरं. पण पुढं २००९, २०१४ आणि २०१९ लाही लोकांनी त्यांनाच निवडून दिलं. २०२४ मध्ये त्या खासदार झाल्या.

आता त्यांची खाती बघा.

२००९ मध्ये त्या वैद्यकीय, उच्च व तंत्रशिक्षणाच्या राज्यमंत्री झाल्या. राज्यमंत्री म्हणजे कॅबिनेट मंत्र्यांच्या सोबतीनं काम करणारा. बारावीनंतरची बी.ए., बी.एस्सी., इंजिनिअरिंग आणि दहावीनंतरचं पॉलिटेक्निक ही उच्च व तंत्रशिक्षणाची बाजू.

२०१० मध्ये त्या महिला व बालविकास मंत्री झाल्या. अंगणवाडी आणि आपल्या गटांचं 'माविम' याच खात्यात येतं. अत्याचार सोसलेल्या बायांना मदत करणारी मनोधैर्य योजना २०१३ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झाली.

२०१९ च्या डिसेंबरात त्या पुन्हा मंत्री झाल्या आणि त्यांच्याकडं शालेय शिक्षण आलं. पहिलीपासून बारावीपर्यंतचं सगळं इथं. आपल्या शेजारच्या हिंगोलीच्या त्या पालकमंत्रीही होत्या. २०२१ मध्ये कोरोनामुळं दहावी-बारावीच्या लेखी परीक्षा रद्द झाल्या, तो निर्णय याच खात्याचा. आपल्यापैकी कितीजणींची पोरं त्या वर्षी परीक्षेविना पास झाली! कुणाला ते पटलं, कुणाला नाही.

बाई एकच, पण खातं बदललं की काम बदललं. आपण मात्र शिक्षण म्हटलं की एकच दार धरतो. ताईचं तेच झालं. बारावीपर्यंतच्या खात्यात त्या बीएस्सीचा प्रश्न घेऊन गेल्या.

मग जायचं कुठं? पहिलं दार कॉलेजचंच. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा आणि त्याची पहिली तपासणी कॉलेजात होते. जात आणि उत्पन्न पाहून योजना बदलते. काही योजना उच्च शिक्षण खात्याच्या, काही समाजकल्याणच्या, काही बहुजन कल्याणच्या. आपली कोणती, हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाला विचारून कागदावर लिहून घ्या. उच्च शिक्षणाच्या योजनेत काही अडलंच, तर नांदेडला उच्च शिक्षण सहसंचालकांचं कार्यालय आहे.

उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, गुणपत्रक आणि आधारला जोडलेलं पोरीचं बँक खातं, एवढं आधीच तयार ठेवा. जातीच्या योजनेसाठी जातीचा दाखलाही लागतो.

ताईच्या पोरीचा अर्ज आम्ही दुसऱ्या दिवशी तिच्या कॉलेजात जाऊन भरला. पुढच्या बैठकीला बारावीनंतर शिकणाऱ्या आपापल्या पोरींची नावं घेऊन या. यादी करू आणि एकीलाही फीपायी घरी बसू द्यायचं नाही.